धुऱ्याचं भांडण रंगमंचावर कसं उभं करावं

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने रात्रभराची नाटकं लागतात. समोर सतरंजीवर बसलेल्या माणसाने धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भाऊ भावाशी कसा बोलतो ते स्वतः पाहिलेलं असतं. त्यामुळे खोटं त्याला लगेच कळतं. म्हणून हाच प्रसंग नमुन्याला घेऊ: थोरला दरवर्षी नांगरताना वीतभर धुरा कोरतो, आणि यंदा धाकट्याने मोजणी आणली आहे.

संवाद लिहायच्या आधी दोघांसाठी तीन उत्तरं कागदावर हवीत. याला काय हवं आहे? कशाची लाज वाटते? कोणासमोर हे बोलता येत नाही? थोरल्याला नुसता ‘लोभी’ लिहिलात तर पात्र तिथेच संपलं. बाप गेल्यावर बहिणीच्या लग्नासाठी त्याने आपली बैलजोडी विकली, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही, हे त्याच्या मनात सलत असू द्या. मग वीतभर जमीन ही त्याच्या हिशेबात चोरी राहत नाही, वसुली होते. माणूस वाईट वागतो तेव्हा त्याच्याकडे असा एखादा हिशेब बहुधा तयार असतो. लेखकाने तो शोधायचा, आणि प्रेक्षकाला तो प्रवेशाच्या शेवटाकडेच कळू द्यायचा.

भरताचं नाट्यशास्त्र इथे फार कामाचं आहे. त्यात आठ स्थायी भाव, म्हणजे प्रसंगभर टिकणाऱ्या मूळ भावना, आणि तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे मधे येऊन जाणाऱ्या भावना, सांगितले आहेत. या प्रसंगाचा स्थायी भाव क्रोध. पण पहिल्या वाक्यापासून क्रोधच दिला तर चौथ्या वाक्याला नटाकडे आवाज वाढवण्यापलीकडे काही उरत नाही. तेहतिसांतले चार निवडा आणि या क्रमाने लावा: शंका, असूया, स्मृती, व्रीडा. धाकटा शंकेने येतो, थोरल्याचं नवं टिनाचं छप्पर पाहून जळतो, बैलांची आठवण निघते, आणि शेवटी दोघांनाही लाज वाटते. क्रोध स्मृतीच्या आधी एकदाच फुटू द्या.

हाताला काम द्या. थोरला विळ्याला धार लावत बसला असेल, तर धार थांबणं हाच अनुभाव, म्हणजे मनातला भाव बाहेर दाखवणारी कृती. पहिलं वाक्य भांडणाचं नको. ‘बस, च्या ठेवाले सांगतो,’ असं थोरला म्हणाला की ताण आपोआप चढतो, कारण सातबारा धाकट्याच्या खिशातून डोकावत असतो. बोली मात्र सगळ्यांच्या तोंडी एकसारखी घालू नका. मोजणीदार प्रमाण मराठीच बोलेल.

लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. सात-आठ मिनिटांच्या वर गेलं तर बहुतेक वेळा कोणीतरी आपलीच भावना समजावून सांगत असतं. ‘मला फार दुःख झालं’ या जातीची वाक्यं आधी कापा.

तालमीत बिघडतं ते दोन ठिकाणी. वर टांगलेल्या माइककडे नट सरकतो, तोंड प्रेक्षकांकडे करतो, आणि भाऊ भावाशी बोलायचाच राहतो. उपाय सोपा आहे: विळा, खाट, सगळी बैठक माइकखालीच मांडा, म्हणजे सरकायची गरजच पडत नाही. दुसरी अडचण प्रॉम्प्टरची. नटाने घेतलेली शांतता त्याला विसर वाटते आणि तो पुढचं वाक्य पुरवतो. त्याच्या वहीत प्रत्येक थांबा लाल पेन्सिलीने आखा, शेजारी ‘तीनपर्यंत मोजा’ असं लिहा. बैलांच्या उल्लेखानंतरचा थांबा सर्वांत मोठा ठेवा.

गाणं या प्रवेशाला लागून नको. मधे विनोदी पात्राचा छोटा प्रवेश घाला, पण त्याने धुऱ्यावर विनोद करायचा नाही. केला, तर पुढच्या अंकात भावांची भेट होते तेव्हा लोक हसतात आणि प्रसंग परत सावरता येत नाही.