परदेशात मोबाइल सेवा घेताना या चुका टाळा

नव्या देशात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न असतो, ‘किती जीबी, कितीला?’ खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा. हातातला फोन तिथे नीट चालणार का, हे आधी बघा.

हप्त्यांवर किंवा करारावर घेतलेला फोन लॉक असेल, तर दुसऱ्या कंपनीचं सिम तो घेणारच नाही. निघण्याआधी अनलॉक करून घ्या. तिकडून कस्टमर केअरच्या मागे लागणं म्हणजे डोक्याला ताप. मग बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे, तपासा. अमेरिकेत टी-मोबाइलचं ६०० मेगाहर्ट्झचं लांब पल्ल्याचं नेटवर्क बँड ७१ वर चालतं आणि इतर देशांत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये तो बँड नसतो. शहरात रेंज फुल्ल, गावाबाहेर पडलं की ‘नो सर्व्हिस’. अशा वेळी सिम बदलून काही होत नाही.

नेट पळतंय, पण कॉल लागत नाही? सेटिंगमध्ये व्होल्टी (फोरजी नेटवर्कवरूनच कॉल करण्याची सोय) चालू आहे का बघा. चालू असूनही लागत नसेल, तर ते मॉडेल त्या कंपनीच्या व्होल्टी चालणाऱ्या फोनच्या यादीत नसावं. जिथे टूजी-थ्रीजी बंद झालंय, तिथे व्होल्टीशिवाय साधा कॉलही जात नाही. ऑस्ट्रेलियात तर ज्या फोनवरून ००० हा आपत्कालीन नंबर लागू शकत नाही, तो कंपन्यांना नेटवर्कवरून काढावाच लागतो. तुर्कस्तानची तऱ्हा आणखी वेगळी: बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, मग शुल्क भरून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नोंदवला नाही तर बंद. हा आयएमईआय *#०६# डायल केल्यावर दिसतो.

प्रवाशांसाठीच्या ई-सिमवर (फोनमध्ये डाउनलोड होणाऱ्या सिमवर) महिनोन्‌महिने काढणारेही असतात. त्यात बहुधा नुसता डेटा मिळतो, नंबर नाही. बँक आणि घरमालक मात्र स्थानिक नंबरच मागतात.

मायदेशातला नंबर घाईने बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. स्वस्तातला प्लॅन ठेवा, त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा.

दोन वर्षांच्या करारावर लगेच सही नको. महिनाभर प्रीपेड वापरा, घरात आणि कामाच्या जागी रेंज बघा. कंपनीचा नकाशा तुमच्या भिंतींची जाडी धरत नाही.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार नाही, पण म्हणून एका देशाचं सिम घेऊन दुसऱ्या देशात कायम राहणं चालत नाही. चार महिन्यांच्या काळात मुक्काम आणि वापर बाहेरच जास्त दिसला, तर कंपनी विचारणा करून अधिभार लावू शकते.