गावचा ५ टक्के दिव्यांग निधी: मोजणीपासून ठरावापर्यंत

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते मार्चअखेरीस आठवतात, घाईघाईने साहित्य घेतले जाते आणि वाटपाचा फोटो निघतो. ते टाळायचे तर दिव्यांगांच्या गटाने दिवाळी आटोपताच, अंदाजपत्रक बनण्याआधी मागणी लावावी. आशाताई आणि आरोग्य केंद्राने आकडे आणि कागद पुरवावेत. पैसा कशावर जाईल हे गट ठरवेल.

पहिली मोजणी. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते, कारण आजीची गेलेली नजर घरचे त्यात धरतच नाहीत. त्याऐवजी वॉशिंग्टन ग्रुपचे (दिव्यांगत्व मोजण्याच्या पद्धती ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न विचारा: चष्मा लावूनही दिसायला, यंत्र लावूनही ऐकायला, चालायला-पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे स्वतः करायला आणि बोललेले समजायला-समजवायला त्रास होतो का? उत्तरे चारच: नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एका जरी प्रश्नाला शेवटच्या दोहोंपैकी उत्तर आले तर नाव यादीत घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न चालत नाहीत. त्यांची नावे अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसके पथकाकडून (मुलांची आरोग्य तपासणी करणारे सरकारी पथक) मिळतात. २०११च्या जनगणनेत राज्यात सुमारे २.६ टक्के दिव्यांग नोंदले गेले, तेही आठच प्रकार धरून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार २१ आहेत. म्हणून २,००० वस्तीच्या गावात नावे पन्नासच्या आत राहिली तर फेरी पुन्हा मारा. मनोरुग्णांची नावे संमतीशिवाय ग्रामसभेत वाचू नका.

मग प्रमाणपत्रे. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. इथे सगळ्यात जास्त मजुरी बुडते ती तज्ज्ञ नसलेल्या दिवशी रुग्णालय गाठल्याने. कान, मन, हाडे यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात आणि लहान मुलांची बेरा (ऐकू येते का हे यंत्राने पाहणारी) तपासणी कुठे होते, हे वैद्यकीय अधिकाऱ्याने आधी फोनवर विचारून द्यावे. युडीआयडीची (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन नोंदणी, आधार, फोटो आणि जुने उपचाराचे कागद घरूनच तयार ठेवा.

हिशेबासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क (दारिद्र्यरेषेखालील असल्यास माफ), विषय एकच, शब्द १५०च्या आत. मागा एवढेच: मागच्या तीन वर्षांचे स्वउत्पन्न, त्यातले ५ टक्के किती, खर्च किती व कशावर, शिल्लक किती. उत्तराची मुदत ३० दिवस. घरपट्टी, गाळेभाडे, बाजार फी हे स्वउत्पन्न. वित्त आयोगाचा निधी त्यात येत नाही. उत्पन्न सहा लाख असेल तर हक्क तीस हजारांचा.

आता खरा वाद. तीस हजार पन्नास जणांत वाटले तर प्रत्येकी ६०० रुपये येतात. ‘सगळ्यांना सारखे’ हे सरपंचाला सोयीचे, कारण कोणी रागावत नाही. पण त्यात कुणाची गरिबी हलत नाही. गटाने आपसात प्राधान्य ठरवावे: यंदा दोघींना शिलाई मशीन, एकाला टपरीचा माल, पुढच्या वर्षी दुसरे. कोणाला कधी, हे लिहून सह्या-अंगठे घ्या, नाहीतर गट तिथेच फुटतो. ग्रामसभेचा ठराव रकमेसह आणि महिन्यासह लिहून घ्या. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा ठराव म्हणजे काहीच नाही. सभा पहिल्या मजल्यावर असेल तर जागा बदलण्याचे पत्र नोटीस निघताच द्या.

गल्लत टाळा: कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, दिव्यांग महिलांना प्राधान्यासह. ते या निधीपेक्षा वेगळे. घरकुलाच्या यादीत ते स्वतंत्रपणे तपासा.

दाद लागली नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांच्या शिफारशीवर काय केले, हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत आयुक्तांना कळवावे लागते. सोबत माहिती अधिकाराचे उत्तर आणि ठरावाची नक्कल जोडा.