पिकअपच्या डिस्का बदलताना टायर प्रेशरचे सेन्सर कसे हलवायचे

लोखंडी डिस्का (टायर ज्यावर बसतो त्या रिम) काढून अलॉय टाकायचे, एवढंच काम असतं, पण डिस्कच्या आत टायर प्रेशरचे सेन्सर असतील तर बऱ्याच दुकानांत ते धड होत नाही. माझ्या गाडीचं झालंय म्हणून सांगून राहिलो. दुकानातल्या पोराने टायर मशीनवर घेतला आणि टायर सोडवायचं फावडं नेमकं व्हॉल्व्हपाशीच लावलं, टायर निघाला तेव्हा सेन्सरचं काळं डबडं व्हॉल्व्हच्या दांड्यापासून तुटून आत पडलेलं. दुकानदार म्हणे, भाऊ, आधी सांगायचं नं आत सेन्सर आहे म्हणून. तेव्हा पहिलं काम हेच, टायरला हात लावायच्या आधी सांगा आणि व्हॉल्व्हला लागूनच टायरवर खडूने मोठी खूण करा.

त्याच्याही आधी दोन गोष्टी बघून घ्या. तुमच्या गाडीत खरंच सेन्सर आहेत का? डॅशबोर्डवर चारही चाकांचं प्रेशर आकड्यात दिसत असेल तर सहसा आत सेन्सर असतात, पण काही गाड्या एबीएसने (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मोजलेल्या चाकाच्या फेऱ्यांवरून नुसता अंदाज बांधतात, त्यांच्यात हलवायला काहीच नसतं, फक्त नंतर रिसेट करायचं. दुसरं, चारही आकडे येताहेत त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर कोणता बंद पडला यावर वाद नाही.

मग ठरवा, जुनेच हलवायचे की नवे घ्यायचे. सेन्सरची बॅटरी आत सीलबंद असते, बदलता येत नाही, आणि ती साधारण 5 ते 10 वर्षं चालते. सेन्सर सात-आठ वर्षांचे झाले असतील तर माझं म्हणणं नवेच टाका, कारण टायर एकदा उघडलाच आहे आणि सहा महिन्यांनी एकेक सेन्सर मेला की तीच मजुरी परत. नवे घेताना फ्रिक्वेन्सी बघा, आपल्याकडच्या गाड्यांना 433 मेगाहर्ट्झ लागतो, अमेरिकेतल्या गाड्यांचे 315 वाले स्वस्तात मिळाले तरी गाडी त्यांना ओळखणारच नाही.

आता खोलायचं. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, फावडं सेन्सरच्या बरोबर उलट्या बाजूला लावा, आणि लोखंडी पट्टी घालून टायर उचलताना सेन्सरपासून लांब. पंक्चरचं लिक्विड भरलेलं असेल तर सेन्सरचं बारीक भोक बघा, त्यातूनच तो हवा मोजतो, चिकटा बसला तर ओल्या कपड्याने हलकं पुसा, त्या भोकात सुई घालू नका आणि कंप्रेसरची हवाही मारू नका.

बाहेरचा नट सोडला की सेन्सर आत ढकलून निघतो. इथे घाई नको. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर पांढरी पावडर दिसली तर तो गंजलाय, नट सोडताना तुटू शकतो, आणि गंजायचं एक मोठं कारण म्हणजे कोणीतरी त्यात साधी पितळी पिन टाकलेली असते. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला निकेल चढवलेलीच पिन पाहिजे. धातूचं टोपणही तसंच जाम होतं, प्लॅस्टिकचं लावा.

नव्या अलॉयमध्ये बसवताना रबरी वायसर, नट, पिन, टोपण, सगळं नवं किट टाका. जुनं रबर दाबून चपटं झालेलं असतं, ते परत धरत नाही, थोड्या पैशासाठी रोज हवा बघत बसाल. डिस्कचं भोक आणि आतली जागा सेन्सरला जमते का हे आधी बसवून बघा, सेन्सर डिस्कला टेकावा पण अडून वाकू नये. नट टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), कंपनीने दिलेल्या आकड्याला, तो आकडा फार छोटा असतो, पकडीने पिळला तर दांडाच जातो. टायर चढवताना काठाचा शेवटचा घट्ट भाग सेन्सरवर येऊ देऊ नका. मग हवा भरा, व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि बॅलन्सिंग करा, सेन्सरचंही वजन आहे.

हवा थंड टायरला, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. नागपुरात हे फार महत्त्वाचं आहे. 36 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी बदललं की पावणेदोन-दोन पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात भर दुपारी, पारा 45 वर असताना हवा भरली आणि डिसेंबरच्या सकाळी 10-12 अंशात गाडी काढली तर पाच-सहा पीएसआय असेच कमी दिसतात. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढणं तर त्याहून वाईट, गार झाल्यावर ती कमीच पडणार. आणि शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागल्यावर तासन् तास एकाच वेगात जाताना कमी हवेचा टायर बाजूने दबत राहतो, तापतो आणि फुटतो.

शेवटी गाडीला सेन्सर ओळखायला लावायचं. काही गाड्या आपोआप शिकतात, आउटर रिंग रोडवर 15-20 मिनिटं चालवली की झालं, सेन्सर चाक फिरल्यावरच जागा होतो म्हणून उभ्या गाडीत वाट बघू नका. काहींना मशीन लावून प्रत्येक चाकापाशी सेन्सर जागा करावा लागतो, काहींना सेन्सरचे नवे आयडी ओबीडीतून (गाडी तपासायचं मशीन जोडायचं सॉकेट) टाकावे लागतात, ते दुकानदाराकडे मशीन आहे का हे आधीच विचारा. डॅशबोर्डवरचा टायर प्रेशरचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर सेन्सर सापडत नाही, सुरुवातीपासून स्थिर असेल तर हवा कमी. तपासताना जुनी चाकं सेन्सरसकट मागच्या डाल्यात ठेवू नका, गाडी त्यांचेही सिग्नल पकडते.

वाडी, कापसीकडच्या मोठ्या ट्रकवाल्यांसाठी एवढंच, तिथे बहुतेक बाहेरून टोपणासारखे सेन्सर लावतात, ते 110-120 पीएसआय झेलणारे आहेत का बघा आणि धातूच्याच व्हॉल्व्हवर लावा, रबरी दांडा वजनाने हलून चिरतो.

80-100 किलोमीटर झाले की चाकांचे नट परत टॉर्क पान्याने बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी गेजने हवा मोजून डॅशबोर्डच्या आकड्याशी जुळवा.