वसंताआधीची छाटणी: या चुका टाळा

थंडी ओसरू लागली की हात शिवशिवतात आणि दिसेल त्या झुडपावर कात्री चालते. पहिली चूक तिथेच होते. गुलाब, जास्वंद यांना फुलं नव्या फुटव्यावर येतात. ती पालवीआधी बेलाशक छाटा. अझेलिया, लायलॅक यांनी मात्र कळ्या गेल्याच हंगामात जुन्या काडीवर धरलेल्या असतात. मी एकदा अझेलिया अशीच ‘नीटनेटकी’ केली आणि वर्षभर नुसता पाला बघत बसलो. अशा झुडपांना फुलं झडल्यावरच हात लावा.

सगळ्यात महाग पडते ती कापाची जागा चुकणं. फांदी खोडाला मिळते तिथे बारकाईने पाहा: सालीला वळ्या पडलेलं फुगीर कडं दिसेल. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर हवा. खोडाशी सपाट कापलं तर कडंही जातं, आणि जखम झाकणारी नवी साल तर तिथूनच वाढत येते. उलट चार बोटं खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत शिरते. काप बरोबर बसला असेल तर पुढच्या हंगामात त्याच्याभोवती सालीची गोल कड चढलेली दिसते.

जाड फांदी एका दमात कापू नका. अर्ध्यातच ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश कापा, मग जरा पुढे वरून. फांदी पडली की उरलेला खुंट कड्याबाहेर उतरवा.

कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. ओल आत कोंडते आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं.

झाड उंच झालं म्हणून शेंडाच उडवायचा, हा तर आडदांडपणा. तिथून पानसोटांचा, म्हणजे सरळसोट वाढणाऱ्या लुसलुशीत फुटव्यांचा, झाडू फुटतो, तोही कच्च्या सांध्याचा; वाऱ्यात आधी तोच मोडतो. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त फांद्या काढू नका.

बोथट कात्री काडी चेचते, तेव्हा धार हवीच. रोगट फांदीनंतर पातं स्पिरिटने पुसा.

द्राक्षवेल, मेपल किंवा बर्च उशिरा छाटला तर कापातून रस टपटपतो. घाबरून चिंध्या बांधत बसू नका; पानं आली की तो आपोआप थांबतो.