डिझेलची नळी तुंबली? तार घालण्याआधी या चुका टाळा

सकाळी पहिल्या सेल्फला ट्रॅक्टर सुरू होतो, नांगराची दोन-तीन तासं मारतो आणि मधेच गुदमरून बंद पडतो. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. बांधावर जमलेले चौघे एकच सांगतात, "नळी तुंबली, तार घाल."

तुंबली असेलही, पण आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि ट्रॅक्टर सुरळीत चालू लागला, तर नळी निर्दोष आहे. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. डिझेल खाली उतरतं तेवढी हवा वरून यायला हवी, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि धार तुटते. झाकण डिझेलमध्ये धुऊन भोकातून सुई फिरवली की काम झालं. झाकण हरवलं म्हणून टाकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने आवळणारे मी पाहिलेत. मग तेच विचारतात, ट्रॅक्टर बंद का पडतो.

झाकण ठीक असेल तर फीड पंपाकडची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडची नळी सोडून बाटलीत धरा आणि टाकीखालचा कॉक उघडा. धार चांगली पाच मिनिटं बघायची. सुरुवातीपासूनच बारीक असेल तर अडथळा कॉकमध्ये किंवा नळीत आहे. आधी जोरात येऊन मग बारीक होत असेल, तर टाकीतला एखादा पापुद्रा किंवा चिंधी तोंडावर येऊन बसते आणि इंजिन थांबलं की सुटते. अशा वेळी नळी कितीही साफ करा, उपयोग शून्य.

आता तारेबद्दल. मीही बाइंडिंगची तार घातली होती. कोपऱ्यापर्यंत सरळ गेली, वळणावर अडकली, ओढल्यावर आतच तुटली. नळी नवीन घ्यावी लागली. तेव्हापासून मोटारसायकलच्या क्लचची जुनी आतली तार वापरतो. टोकाचे धागे बोटाच्या पेराएवढे उसवायचे, नळी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायची आणि सकाळी तार पिळाच्या दिशेने फिरवत हळूहळू आत सरकवायची. जोर लावायचा नाही, कचरा कुरतडायचा.

एकदा या तारेने चक्क माती निघाली. कडक, राखाडी गोळी, आणि तिच्या मागे चार-पाच वाळक्या हिरव्या अळ्या. फिल्टर बदलताना नळी सोडली होती, पावसामुळे काम राहिलं आणि उघड्या तोंडात कुंभारमाशीने घर केलं. म्हणून खोललेल्या नळीचं तोंड त्याच दिवशी कापडाच्या बोळ्याने किंवा टेपने बंद करा.

पंक्चरवाल्याची हवा मारायला हरकत नाही, पण नळी दोन्हीकडून सोडून. एक टोक पंपाला जोडलेलं ठेवून हवा मारली की कचरा थेट पंपात, शिवाय फीड पंपाचा पडदा फाटण्याची भीती. हवा पंपाकडच्या टोकातून टाकीच्या दिशेला मारा, कारण कचरा टाकीकडून येऊन रुतलेला असतो. दुसरं टोक पांढऱ्या फडक्यावर धरा, म्हणजे काय निघालं ते दिसेल. तोंडाने डिझेल ओढायचं मात्र सोडून द्या. घोट फुप्फुसात गेला तर दवाखाना ठरलेला.

गंज काढायला संडासचं ॲसिड ओतणं हा आणखी एक लाडका उपाय. ते गंजाबरोबर नळीही खातं आणि नीट धुतलं नाही तर दोन दिवसांत पुन्हा लाल. गंज फारच असेल तर नळी बदला, स्वस्त पडेल. गॅसच्या भट्टीवर नळी तापवणं त्याहून वाईट, आतल्या डिझेलची वाफ पेट घेते.

इंजेक्शन पंपाकडून नोझलला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाला जाणाऱ्या जाड पोलादी नळ्या वेगळ्या जातीच्या. त्या सहसा तुंबत नाहीत, तुंबतं ते नोझल. त्यांत तार घालू नका, वाकवू नका, सोडल्या तर ज्याची त्याच जागी बसवा. इंजिन चालू असताना गळती बोटाने तर मुळीच शोधू नका. तिथला फवारा कातडी भेदून आत जातो. टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसते, दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो आणि बोट गमावतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. टोचलंच तर लगेच दवाखान्यात जा.

जोडताना बँजो बोल्टची, म्हणजे नळीची गोल कडी आवळणाऱ्या पोकळ बोल्टची तांब्याची जुनी वॉशर तशीच लावली की तिथून हवा शिरते आणि दोष पुन्हा नळीवर येतो. नवीन वॉशर नसेल तर जुनी लाल होईस्तोवर तापवून थंड करा, तांबं मऊ पडतं. मग नळीत शिरलेली हवा (एअर) काढायला फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून डिझेल ढकलणारा हातपंप मारा. फेस जाऊन अखंड डिझेल आलं की आवळा, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू तसाच. घाईत सेल्फ मारत बसलात तर बॅटरी उतरेल, एअर तशीच.

आठ दिवसांनी फीड पंपाची काचेची वाटी काढून बघा. तळाशी लाल गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवायला घ्या.