नागपुरी हिंदीतली उर्दू कशी ओळखायची

नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे इथं मराठी घरातली पोरंही सीताबर्डीवर उतरली की सरळ हिंदीत सुरू होतात. पण त्या हिंदीत उर्दू किती हे लक्षातच येत नाही. उर्दू शिकायची असेल तर शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, व्याकरण जवळपास तेच आहे, का-के-की तेच, था-थे-थी तेच, फरक मुख्यतः शब्द, लिपी आणि उच्चाराचा.

आधी घरातलेच शब्द घ्या. जमीन, बाजार, खबर, तारीख हे फारसी-अरबीतून मराठीत कधीचेच आलेत. फक्त अर्थ तपासा कारण तिथेच माणूस फसतो. आपला राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, उर्दूत राज़ीनामा म्हणजे समझोत्याचा कागद, नोकरी सोडायला इस्तीफ़ा. तालीम आपल्याकडे नाटकाची किंवा कुस्तीची, तिकडे शिक्षण. आणि खुलासा तर तीन ठिकाणी तीन, मराठीत स्पष्टीकरण, हिंदी बातम्यांत गुपित उघड होणं, उर्दूत सारांश.

आता नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी मनापासून सांगेन. राज म्हणजे सत्ता, राज़ म्हणजे गुपित. सजा म्हणजे सजलेला, सज़ा म्हणजे शिक्षा. मराठी माणसाला ज़ जड जात नाही, आपण 'जहाज'मधला ज म्हणतो तिथून थोडं पुढे, जीभ दाताला न अडवता हवा जाऊ द्यायची. ख़ घशातून. क़ बोलताना बरेच जण साधा क म्हणतात, तो नंतर बघा.

पण सगळीकडे नुक्ता लावू नका!! 'फिर' आणि 'फल'मध्ये साधा फ आहे, फ़िर म्हणणं चूक. मी मोमीनपुऱ्यात एका वयस्क चाचांना नावानं हाक मारली, जलीलऐवजी ज़लील म्हणालो, जलील म्हणजे थोर आणि ज़लील म्हणजे अपमानित, ते काहीच बोलले नाहीत आणि मला अर्थ कळला तो घरी येऊन डिक्शनरी उघडल्यावर, अजून वाईट वाटतं.

म्हणून उर्दू अक्षरं थोडी तरी शिकाच. तिथे ज साठी जीम आणि ज़ साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए अशी चार वेगळी अक्षरं, त्यामुळे शंका आली की स्पेलिंग बघितलं की लगेच कळतं.