आईची आठवण लिहायला बसाल तेव्हा
आई गेल्याला वर्ष झालं, तेव्हाच्या चर्चमधल्या मिस्सेला (प्रार्थनेला) वाटायला मी चार पानं लिहिली. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण आई मराठी शाळेत शिकलेली, म्हणून मराठीतच.

सुरुवात 'प्रेमळ, श्रद्धाळू' अशा शब्दांनी करू नका. तिची एखादी वस्तू समोर ठेवा. आईच्या तेर्साच्या (जपाच्या) माळेतला एक मणी हरवला होता, तिथे तिनं बाबांच्या जुन्या शर्टाचं पांढरं बटण ओवलं होतं. बोट बटणावर आलं की ती क्षणभर थांबायची. बाबा गेल्यावर जरा जास्तच. हे लिहिलं आणि पुढचं आपसूक सुचत गेलं.

तारखा मात्र आठवणीवर सोडू नका. आईचं जन्मसाल रेशनकार्डावर चुकलेलं होतं. खरं सापडलं ते चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत. गोव्यातल्या 1961 पूर्वीच्या नोंदी बहुधा पोर्तुगीजमध्ये असतात, तेव्हा पाद्रींना वाचून दाखवायला सांगा. जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख वेगळी असते, तीही तपासा.

भावंडांना एकेकटं गाठा, सगळे जमले की मोठ्या भावाचंच ऐकलं जातं. शेजाऱ्यांनाही विचारा. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (सणाला) आई शेजारच्या काकूंना सोबत घेऊन तेल वाहायला जायची, हे मला काकूंनीच सांगितलं.

लिहिलेलं आधी घरी मोठ्यानं वाचा. धाकटी बहीण म्हणाली, "नेवऱ्या राहिल्या रे." नाताळच्या पहिल्या घाण्यातल्या सहा नेवऱ्या (करंज्या) आई काकूंकडे पाठवायची. त्या घातल्या, मगच छापायला दिलं.